कप्तानापर्यंत पोचेल असा ॲम्प्लिफायर

इमारतीत त्यांना सगळे तारवाले म्हणत. त्यांच्या गॅलरीच्या कठड्यापासून पलीकडच्या पाण्याच्या टाकीपर्यंत एक बारीक तांब्याची तार गेली होती. नव्याने राहायला आलेला माणूस कधी ना कधी विचारायचाच, एवढ्या उंचावर कपडे कोण वाळत घालतं म्हणून. तारवाले म्हणत, "मीच. पण माझे कपडे दिसत नाहीत." विचारणारा हसावं की नाही या पेचात जिना उतरून जाई.

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. लांबच लांब हॉल, दोन्ही बाजूंना लोखंडी रॅक, आणि रॅकमध्ये दाटीवाटीने बसवलेले रिले, म्हणजे विजेवर उघडमीट होणारे छोटे खटके. शहरात कोणी फोनचा आकडा फिरवला, की इथे ते रिले टकटकू लागत. सकाळी कचेऱ्या उघडण्याच्या सुमाराला तर कोणीतरी ओंजळी भरभरून बटणं फरशीवर सांडतंय असं वाटे. त्या गदारोळात उभं राहून कुठला रिले अडखळतोय हे तारवाले कानाने सांगत. पुढे ते रॅक भंगारात गेले आणि त्यांच्या जागी मुकी इलेक्ट्रॉनिक कपाटं आली. निवृत्तीच्या आधीची शेवटची वर्षं त्यांनी त्या शांततेत काढली, पण ती त्यांच्या अंगी कधी लागली नाही. जेवणाच्या सुट्टीत ते उगीच टेबलावर पेन्सिल आपटत बसत.

खरं तर ती पेन्सिलही उगीच नव्हती. तारवाले हौशी रेडिओवाले होते, आणि गॅलरीतली ती तार म्हणजे त्यांची एरियल. रीतसर परवाना काढून, टिंब आणि रेघांच्या भाषेत, म्हणजे मोर्समध्ये, दूरदूरच्या माणसांशी बोलणारे. तरुणपणी त्यांचे असे अनेक दोस्त होते. हळूहळू एकेकाची तार उतरली. आता उरला होता एकटा कप्तान.

कप्तान कधीच कप्तान नव्हता. मालवाहू जहाजावर तो रेडिओ अधिकारी होता. पण जमिनीवर आल्यावर चाले असा, की सगळं बंदर त्याच्या नावावर आहे. दोघांची ओळख हवेतच झाली होती आणि प्रत्यक्ष भेट व्हायच्या आधीच ते एकमेकांचा हात ओळखत होते. मोर्समध्ये प्रत्येकाचा हात वेगळा पडतो, अक्षरासारखा. कप्तान शब्दातली शेवटची रेघ जरा लांबवायचा, जसं कोणी निघता निघता दाराशी रेंगाळतं.

एका उन्हाळ्यात त्याचं जहाज दुरुस्तीला गोदीत अडकलं आणि तो पिशवी घेऊन तारवाल्यांकडे राहायला आला. तेव्हा दोघांनी जेवणाच्या टेबलावर दोन जुळे संच बनवले, बिस्किटांच्या दोन रिकाम्या डब्यांत. घेणारा आणि पाठवणारा असा एकच छोटा संच, आणि ताकद म्हणावी तर सायकलच्या दिव्याला लागते तेवढी. तारवाल्यांच्या बायकोने, म्हणजे इमारतीतल्या सगळ्यांच्या सिस्टरनी, वॉर्डातून दमून आल्यावर टेबलावरचा धूर बघितला आणि म्हटलं, "दोघं मिळून माझं घर जाळा. मी रात्रपाळीला गेले की जाळा, म्हणजे मला बघावं लागणार नाही." घर जळलं नाही. टेबलावर मात्र सोल्डरिंगचा एक काळा डाग पडला. तो अजून आहे. पाहुणे आले की सिस्टर त्यावर नेमकं बशी ठेवतात.

त्या डब्यांत एक गंमत होती. प्रत्येकात एक स्फटिक बसवलेला होता, जुन्या बाजारातून आणलेला, नखाएवढ्या पत्र्याच्या डबीतला. दोन्ही स्फटिकांची कंपनं जवळजवळ सारखी, पण अगदी सारखी नव्हेत. दोन्हींत जो थोडासा फरक होता तोच कानाला शिट्टी होऊन ऐकू येई. फरक जास्त असला तर शिट्टी बारीक, कमी असला तर जाड. एक चिमुकला स्क्रू फिरवून तो थोडाफार बदलता येई. तारवाल्यांना मध्यम सूर बरा वाटत होता. कप्तान ऐकेना.

"बारीक ठेव," तो म्हणाला. "अगदी वरची पट्टी. वादळात, गडगडाटात, तीच तेवढी वाट काढत येते. जाड आवाज गर्दीत हरवतो रे."

"कानठळ्या बसतील."

"बसू देत. मग आपण आहोत हे तरी कळेल."

शेवटी त्याच्या मनासारखं झालं. टाचणीसारखी तीक्ष्ण, उंच शिट्टी. स्क्रू पुन्हा हलू नये म्हणून त्यावर काहीतरी लावायला हवं होतं. कोणाच्या तरी लग्नासाठी म्हणून सिस्टरनी नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली आणली होती. वॉर्डात तो रंग चालत नसल्याने ती भरलेलीच पडून होती. त्यातला एक थेंब या डब्यातल्या स्क्रूवर, एक त्या डब्यातल्या. सिस्टर म्हणाल्या, "माझ्या नखांच्या नशिबात नव्हता, तुमच्या डब्यांच्या होता."

त्यानंतर जहाजं बदलली, घरं बदलली, कप्तानाची बायको गेली, तो लेकाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेला. मोठाले संच त्याने जाताना वाटून टाकले. डबा तेवढा ठेवला. रोज सकाळी चहा झाला की तारवाले गॅलरीच्या दाराशी टेबलावर बसत आणि ती शिट्टी येई. बोलणं काही थोर नसे. गुडघा कसा आहे. नातीचा दात पडला. काल भाजी खारट झाली होती, पण सुनेला सांगणार नाही. सायकलच्या दिव्याएवढ्या ताकदीवर हे सगळं आकाशाला टेकून डोंगरांपलीकडे जात होतं, आणि तारवाल्यांना त्याचा गर्व होता. कोणी जास्त ताकदीची यंत्रं मिरवली, की ते म्हणत, "ओरडणाऱ्याला बोलता येतं असं थोडंच आहे?"

गेल्या थंडीपासून मात्र काहीतरी बिनसलं. कप्तान पुन्हा पुन्हा कळवू लागला, पुसट. परत सांग. पुसट. तारवाल्यांनी तार उतरवून पुसली, सांधे नव्याने जोडले. कप्तानाची शिट्टी त्यांच्याकडे ठणठणीत येत होती. त्यांची तिकडे जात नव्हती. मग एका सकाळी कप्तानाने कळवलं की महिनाअखेरीला घराला बाहेरून रंग द्यायचा आहे, तार उतरवावी लागेल. परत बांधेन की नाही बघू. तुझं हल्ली काही लागतच नाही. नुसतं कान देऊन बसायचा कंटाळा येतो.

तारवाल्यांनी चहाचा कप खाली ठेवला तो निवून गेला तरी उचलला नाही.

"काय झालं?" सिस्टरनी विचारलं.

"तार काढतोय."

कप्तानाची उतरलेली तार परत चढणार नाही हे सिस्टरनाही कळत होतं. या वयात उतरवलेल्या गोष्टी तशाच राहतात.

त्या दिवशी तारवाले आयुष्यात पहिल्यांदा ॲम्प्लिफायर विकत घ्यायला निघाले.

विजेच्या सामानाच्या गल्लीत शेवटून दुसरं दुकान त्यांच्या ओळखीच्या माणसाचं होतं. कितीही भरलेलं असलं तरी त्याला हवी ती वस्तू न उठता सापडे, म्हणून सगळे त्याला चुंबक म्हणत.

"ॲम्प्लिफायर?" चुंबकाने चष्मा कपाळावर चढवला. "तारवाले, आज सूर्य कुठून उगवला? तुम्हीच ना आम्हाला सांगायचात, ओरडणाऱ्याला बोलता येत नाही म्हणून?"

"दाखव आधी. टोमणे नंतर मार."

"नंतर गिऱ्हाईक येतं हो."

त्याने आधी काढला तो एक देखणा, काळा, पंख्याचा खोका. शंभर वॅट. तारवाल्यांनी तो उलटा करून मागची पट्टी वाचली. "याला नुसतं ढकलायलाच माझ्या डब्यापेक्षा जास्त ताकद लागते. माझ्या फुंकरीने हा जागाही व्हायचा नाही. आणि वीज गाडीच्या बॅटरीएवढी खाणार."

"मग हा घ्या." दुसरा एक उघडा सर्किट बोर्ड होता, स्वस्तातला, कागदावर मोठमोठे आकडे छापलेला. तारवाल्यांनी तो उजेडात धरला. "फिल्टर कुठे आहे?"

"फिल्टर तुम्ही घालायचा."

"म्हणजे हा माझा आवाज मोठा करणार, आणि सोबत गल्लीभर भलतीसलती पिल्लंही सोडणार. लोकांचे टीव्ही बोंबलतील."

तिसरा होता माळ्यावरचा, काचेच्या नळ्यांचा, दोन माणसांनी उचलायचा. तारवाल्यांनी त्याच्या पत्र्यावरून हात फिरवला. तरुणपणी असाच एक त्यांनी उसना आणला होता. दिवाणखाना उबदार व्हायचा त्याच्या लाल उजेडाने. आत मात्र माणूस जागच्या जागी गारद होईल एवढा विजेचा दाब. "नको," ते म्हणाले. "सिस्टर मला घराबाहेर काढेल, आणि बरोबर करेल."

चुंबक कंटाळला नाही. तारवाल्यांची ही सवय त्याला ठाऊक होती. वस्तू नाकारताना त्यांना जितकं बरं वाटे तितकं घेताना वाटत नसे. शेवटी त्याने खालच्या कप्प्यातून एक पाकीट काढलं. सुटे भाग, घरी जोडायचे. थोड्या ताकदीवर चालणारा, दहापट वाढवून देणारा, फिल्टरसकट.

"दहापट म्हणजे कानाला फार तर दुप्पट," तारवाले म्हणाले.

"तेवढी पुरेल?"

"पुरायला हवी." मग त्यांनी पाकिटातून पाठवणं-घेणं बदलणारा रिले काढला, कानाशी नेला आणि बोटाने दाबून सोडला. टिक. पुन्हा टिक. "हा माझ्या हाताबरोबर पळेल," ते म्हणाले. बाकी सगळं त्यांनी डोक्याने पारखलं होतं, पण घेतला तो त्या आवाजावर.

पुढचा आठवडा टेबलावर पुन्हा धूर होता. सिस्टरनी डागावरची बशी स्वतःच उचलून ठेवली. तारवाल्यांचे हात आता पूर्वीसारखे स्थिर नव्हते, म्हणून छोटा चिमटा धरायला त्या शेजारी बसत. सुईने शीर शोधणारा सिस्टरचा हात अजून हलत नव्हता.

"कप्तान इथे बसला होता," तारवाले म्हणाले.

"आणि माझ्या चांगल्या कपात सोल्डर ठेवत होता."

"कधी सांगितलं नाहीस."

"सांगून काय, कप परत मिळणार होता?"

ॲम्प्लिफायर तयार झाला. पहिल्याच सकाळी त्यांनी हाक दिली आणि थोड्या वेळाने दार वाजलं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका उभ्या होत्या.

"तारवाले, आमची बेल आपोआप वाजतेय."

"खराब झाली असेल, बाई."

"खराब बेल एकसारखी वाजते. ही थांबून थांबून वाजतेय. मला काहीतरी सांगायचं असल्यासारखी."

बेलच्या वायरीत तारवाल्यांचीच हाक शिरली होती. स्वयंपाकघरातून सिस्टरच्या हसण्याचा आवाज आला. ते वर जाऊन त्यांच्या बेलच्या वायरीला एका काळ्या कड्यातून वेटोळे देऊन आले. बेल गप्प झाली. बाईंनी चहा पाजला आणि विचारलं, काय सांगत होती ती? तारवाले म्हणाले, "एका मित्राला विचारत होती, ऐकू येतंय का."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा हाक दिली. रिले छान पळत होता. त्यांना क्षणभर एक्स्चेंजच्या हॉलमध्ये उभं असल्यासारखं वाटलं. हाक संपली. कप्तानाची बारीक शिट्टी आली. पुसट. परत सांग.

तारवाल्यांनी परत सांगितलं. परत तेच. मग तिसराच कोणीतरी मध्ये शिरला, कप्तानाच्याच शहरातला एक अनोळखी हौशी. त्याने कळवलं, काका, तुमचा आवाज इथे भिंत फोडून येतोय, माझ्या घरची झोपलेली मंडळी उठली.

तारवाले बघतच राहिले. त्याच शहरात, त्याच हवेत, एकाला भिंत फोडून आणि दुसऱ्याला पुसट. डबा कप्तानाचा बिघडला म्हणावं, तर त्याला हाक लागत होती, नुसती क्षीण. महिना संपत आला होता.

त्यांनी फोन उचलला. कप्तानाला फोन आवडत नसे. नेहमी सूनच बोलायची. आजही तिनेच घेतला.

"काका, बाबा फोनवर येत नाहीत हो. तुम्हाला माहितीये ना त्यांचं."

"आज दे. एकदा दे."

कप्तान आला. तारवाले ओरडले, "अरे, तुझ्या गावात लोकांना जोरात ऐकू येतंय. तुझा डब्याचा हेडफोन बघ, वायर तुटली असेल."

"हो, हो. मजेत," कप्तान म्हणाला. "सिस्टर कशा आहेत?"

"वायर, वायर बघ."

"बरं, बरं. पाऊस नाही अजून."

तारवाल्यांचा आवाज चिरकला. सिस्टरनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. त्या ओरडल्या नाहीत. उलट आवाज खाली आणला, छातीतून, सावकाश, जसं त्या वॉर्डात बोलत. "मी सिस्टर बोलतेय. गुडघा कसा आहे?"

पलीकडून कप्तान घडाघडा बोलू लागला. गुडघा, रंगवाले, नातीची शाळा. प्रत्येक प्रश्नाला नेमकं उत्तर. तारवाले शेजारी उभे राहून ऐकत होते. फोन ठेवल्यावर सिस्टर म्हणाल्या, "किती ओरडता. म्हाताऱ्या कानातून आधी बारीक आवाज जातात. तुम्ही चिरकलात की त्यांना काहीच कळत नाही. जाड आवाज राहतो शेवटपर्यंत. खालच्या सुरात बोलायचं."

त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. तारवाले टेबलापाशी येऊन बसले.

नवा ॲम्प्लिफायर समोर होता, त्याच्या शेजारी बिस्किटांचा डबा. त्यांनी झाकण उघडलं. आत तो लाल थेंब अजून तसाच होता, जरा काळवंडलेला. वरची पट्टी. वादळातून वाट काढणारी. कप्तानाने स्वतः निवडलेली. ती त्यांच्यापाशी रोज ठणठणीत येत होती, कारण त्यांचे कान अजून शाबूत होते. डब्यावर कप्तान बाकी कोणाशी बोलत नसे, दुसरा सूर कधी कानावर पडत नव्हता, मग त्याला तरी कसं कळावं? किंवा कळलंही असेल. सुनेच्या हातात फोन देताना कळलंच असेल. मित्राची ताकद कमी पडते असं म्हणणं सोपं होतं, कान गेला असं म्हणण्यापेक्षा.

बराच वेळ त्यांनी थेंबाला हात लावला नाही. त्या शिट्टीत त्यांचा तो उन्हाळा होता, गोदीत अडकलेलं जहाज होतं, सिस्टरचा रागावलेला तरुण चेहरा होता. ती शिट्टी गेली तर तेही थोडं जाणार होतं. मग त्यांनी चाकूचं टोक घेऊन थेंब हलकेच खरवडला. तो लाल पापुद्रा होऊन निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तान हाक देत होता. त्याची उंच शिट्टी कानात घेऊन तारवाल्यांनी स्क्रू अगदी सावकाश फिरवला. शिट्टी घसरू लागली. खाली, आणखी खाली, पोरसवदा आवाज फुटून बाप्याचा व्हावा तशी. भरदार, गोल सुरावर आल्यावर ते थांबले. आता दोन्हीकडे हाच सूर असणार होता. ॲम्प्लिफायरचा दिवा त्यांनी लावला नाही. नुसत्या डब्यावर हाक दिली, सायकलच्या दिव्याएवढी.

मग आलं, अरे.

आणि मग, आलास. अगदी टेबलापाशी बसल्यासारखा. घेतलास ना शेवटी मोठा ॲम्प्लिफायर? मी म्हणतच होतो, तुझा डबा म्हातारा झाला.

तारवाल्यांनी कळवलं, घेतला. चांगला आहे.

शिट्टी जाड झालीय, कप्तानाने कळवलं.

मोठ्या यंत्रावर होतं तसं, तारवाल्यांनी कळवलं.

ॲम्प्लिफायरने आवाज मोठा होतो, पट्टी बदलत नाही. ही गोष्ट रेडिओच्या पहिल्या धड्यात शिकवतात, आणि कप्तानाने तो धडा जहाजावर येणाऱ्या कितीतरी पोरांना शिकवला होता. तारवाले टेबलावरच्या डागाकडे बघत राहिले.

असेल, कप्तानाने शेवटी कळवलं. शेवटची रेघ त्याने नेहमीपेक्षा जास्त लांबवली. मग पुढे, रंगवाले आले की तार उतरेल. रंग सुकला की परत चढवतो. लेकाला चढवतो गच्चीवर, नुसता बसून असतो.

सिस्टर चहा घेऊन आल्या आणि कप ठेवायला जागा शोधू लागल्या. तारवाल्यांनी नवा ॲम्प्लिफायर थोडा पुढे ओढला, त्याच्या सपाट झाकणावर कप ठेवला.

"आज वेगळं वाजतंय," सिस्टर म्हणाल्या. "खालच्या सुरात."

"हो."

"त्या स्क्रूला रंग लावायचा असेल तर माझ्याकडे नाहीये आता. आणावा लागेल."

तारवाल्यांनी डब्याचं झाकण लावलं. "नको," ते म्हणाले. "मोकळाच राहू दे. पुढे शिट्टी आणखी खाली आणावी लागेल."